नाल्याकाठची दुडकी चाल

पळणे हा आमच्या कुळाचा धर्म नव्हे. शाळेत असताना शर्यतीच्या दिवशी माझे पोट न चुकता दुखत असे. तरीही गेली तीन वर्षे मी जयपुरात पहाटे साडेपाच वाजता मानसरोवर वसाहतीजवळच्या द्रव्यवती नदीच्या काठाने दुडक्या चालीने धावतो. कारण अगदीच गद्य आहे. पस्तिशीच्या आत रक्तातील साखरेने आपले अस्तित्व जाहीर केले आणि डॉक्टरांनी खुर्ची व कारकून यांच्या अति-सख्याबद्दल मला चार शब्द ऐकविले.

'द्रव्यवती' हे नाव कागदोपत्री भारदस्त दिसते. पण इथला जुना माणूस अजून 'अमानीशाह का नाला' असेच म्हणतो. नाहरगढच्या डोंगरांत उगम पावून शहराच्या पश्चिम अंगाने दक्षिणेस, सांगानेरकडे जाणारा हा सत्तेचाळीस किलोमीटरांचा प्रवाह. सांगानेरचे छीपे आपले छापील कापड याच पाण्यावर धूत असत. पुढे शहर वाढले आणि नदीचे गटार झाले. १९८१ च्या जुलैत जयपुरात अतोनात पाऊस झाला, तेव्हाचा त्याचा रुद्रावतार पाहिलेली माणसे आजही त्याचे नाव जरा दबकून घेतात. अलीकडे त्याचे पात्र बांधून काढले, सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभारली, दोन्ही काठांनी चालण्याच्या वाटा केल्या, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात पहिल्या भागाचे उद्घाटन झाले. बांधीव काठांमुळे नदी आता कालव्यासारखी दिसते. पाण्याला अधूनमधून वास येतो, हे सांगितले नाही तर मी खोटा ठरेन.

वाट मात्र सपाट. इंग्लंडातील कालव्यांच्या काठी नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी अशा वाटा केलेल्या असत. धापा टाकीत चाललो की माझे त्या घोड्यांशी जवळचे नाते आहे असे वाटू लागते.

या वाटेवर एक वृद्ध राजपूत सद्गृहस्थ रोज भेटतात. मी महाराष्ट्रातला आणि त्यातून प्राप्तिकर खात्यात, हे कळताच ते म्हणाले, "तो आप लोग फिर चौथ वसूल करने आ गये!" मी हसलो, पण घरी येऊन पुस्तक उघडले. होळकरांच्या फौजा चालून आल्या तेव्हा खंडणीच्या ओझ्याखाली वाकलेल्या सवाई ईश्वरीसिंहांनी १७५० च्या डिसेंबरात विष घेऊन जीव दिला. पुढच्याच महिन्यात, शहर पाहण्यास आत आलेल्या मराठ्यांवर जयपूरकर उठले आणि हजारोंची कत्तल झाली. आपल्याकडे शाळेत अटकेपर्यंतचे झेंडे शिकवितात, हे शिकवीत नाहीत. ईश्वरीसिंहांनी बांधलेला ईसरलाट हा उंच मनोरा त्रिपोलिया बाजाराजवळ अजून उभा आहे. त्याच्या सावलीतून जाताना मी दिल्लीच्या खजिन्याचा एक नम्र वसुलीदार या नात्याने मान खाली घालतो.

परंतु या वाटेचे खरे कारण साखर नव्हे, इतिहासही नव्हे. माझे बालपण हडपसरास, मुठेच्या उजव्या कालव्याशेजारी गेले. अण्णा पाटबंधारे खात्यात होते. निवृत्तीनंतरही ते रोज पहाटे कालव्याच्या वाटेने मैलभर जात आणि पाणी पाहून येत. कालव्याची वाट सपाट का, हे त्यांनीच मला लहानपणी समजावले: पाण्याला घाई करू दिली तर ते काठ खाते, आणि फार रेंगाळू दिले तर गाळ टाकते, म्हणून उतार जेमतेम, डोळ्यांना न दिसणारा ठेवावा लागतो.

मी धावू लागल्यापासून आमचा दर रविवारी दूरध्वनीवर एक ठराविक संवाद होत असे. "तुझ्या नाल्याला पाणी किती?" ते विचारीत. मी सांगे. मग ते आपल्या कालव्याचे सांगत: आवर्तन सुटले, काठापासून हातभर खाली आहे, जलपर्णी फार झाली आहे. चारशे कोसांवर असूनही बापलेक एकाच काठाने चाललो आहोत असे मला वाटे.

गेल्या माघात ताईचे पत्र आले. ती हल्ली फोन असतानाही महत्त्वाचे ते पत्रातच लिहिते. अण्णा दिवाळीपासून घराबाहेर पडलेले नाहीत, उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, आणि जिना उतरताना एकदा पडलेही, असे तिने लिहिले होते. म्हणजे तीन महिने ते मला जे पाणी सांगत होते, ते अंथरुणावर बसून सांगत होते.

त्या रविवारी मी ओठांवर आलेला प्रश्न गिळला. त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितले, "आज पाणी चांगलं आहे. दोन बगळे होते." मी "हो का," एवढेच म्हणालो. बगळ्यांपुढे मला काही बोलवेना.

बदलीचा अर्ज मी सोमवारी भरला. घरच्या माणसाला नोकरीनिमित्त दूर ठेवणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावे असे नाही; आपण सर्वांनीच तो अर्ज कधी ना कधी भरलेला आहे. 'कारण' या रकान्यात दीड ओळीची जागा होती. 'वडिलांची दृष्टी व एकाकी वास्तव्य' असे लिहिले, आणि कालव्याचा उल्लेख अर्थातच टाळला.

अर्ज दिल्याचे मी अण्णांना कळविले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इकडे कशाला? तिकडे तुला सपाट वाट मिळाली आहे. इथं कालव्यावर आता रहदारी फार."

"तुम्ही बरोबर असाल ना," मी म्हणालो.

"मी सावकाश चालतो हल्ली," अण्णा म्हणाले.