कळमन्याचा काळा रंग

धरमपेठेत राहणाऱ्या माणसाला कळमना हे नागपुरातलेच एक परगाव वाटते. आमची संत्री तिथून येतात, मिरची तिथून येते, कांदेबटाटे तिथूनच येतात; पण आपण स्वतः उठून तिथे जावे, असे मात्र आमच्या मनात कधी येत नाही. आमचे नागपूर सीताबर्डीच्या किल्ल्यापाशी संपते. पन्नाशी उलटली तरी मी कळमन्याला गेलो नव्हतो. तो योग आला तो चार बोटे रुंदीच्या एका लोखंडी पट्टीमुळे!

ही पट्टी आमच्या गाडीतली. गाडी वडिलांची, १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. मूळची ही इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात ती आपल्याकडे तयार होऊ लागली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचे नाव मिरवू लागली. १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर, आणि पुढे क्रोमची चकचकीत जाळी. मुंबईकरांची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. त्या जातीची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षे भरताच, २०२३ च्या ऑक्टोबरात, रस्त्यावरून उतरली. आमची पद्मिनी मात्र अजून चालते.

दर रविवारी वडील गाडी धूत. क्रोमला पॉलिश, दारांना मेण, सारे काही यथासांग. फक्त समोरच्या काचेखाली, आतल्या बाजूला, जी पट्टी आहे तिला ते ओल्या फडक्याखेरीज काही लागू देत नसत. त्यांनी ती मुद्दाम काळी करवून घेतली होती. आणि तो काळाही कसा, तर पाटीसारखा, तेज नसलेला. "एवढी सुंदर गाडी, आणि ही पट्टी तेवढी कळकट," असे मला लहानपणापासून वाटे. वडील गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मी चकचकीत काळ्या रंगाचा डबा आणला आणि एका दुपारी ती पट्टी आरशासारखी करून टाकली. मोठे कर्तव्य केल्याच्या थाटात आईला दाखवली. ती म्हणाली, "छान. पण ह्यांनी ती उगाच का तशी ठेवली असेल?" मी हसून सोडून दिले.

उत्तर मिळाले गेल्या डिसेंबरात. अमरावती रस्त्याने संध्याकाळी आईला घेऊन निघालो होतो. मावळतीचे ऊन समोरून पट्टीवर पडले, पट्टीतून काचेवर आले, आणि काचेच्या मधोमध पांढरा पडदा उभा राहिला. त्या पडद्यामागे सायकलवरचा एक शाळकरी मुलगा होता. तो मला दिसला नाही, आईला दिसला. ती ओरडली, मी ब्रेक दाबला. मुलाने मागे वळूनही पाहिले नाही. शीळ घालत निघून गेला. माझे पाय मात्र घरी पोहोचेपर्यंत लटपटत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी 'न चमकणारा काळा रंग' शोधू लागलो. आमच्या भागातले रंगारी सगळे चकाकीचेच उपासक. अखेर कोणीतरी सांगितले, "कळमन्याला जा. मार्केटच्या मागे एक म्हातारे मिस्त्री आहेत."

संक्रांतीच्या चार दिवस आधी सकाळीच निघालो. सीताबर्डी मागे टाकली, सेंट्रल अव्हेन्यूने गांधीबाग ओलांडले, वर्धमाननगर गेले, आणि हळूहळू गाड्यांच्या जागी ट्रकच ट्रक दिसू लागले. मुंबई-हावडा लोहमार्गावरून एक मालगाडी धडधडत चालली होती. मार्केटच्या आवारात शिरलो तर डोळ्यांपुढे लालच लाल! मिरचीच्या राशी, मिरचीची पोती, मिरचीचा वास. पोती पाठीवर घेऊन हमाल तोंडाला फडके बांधून धावत होते. मी उतरलो आणि लागोपाठ सात शिंका दिल्या. एक हमाल हसत म्हणाला, "नवीन आले काय भाऊ?"

मिस्त्रींचे दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड. वय सत्तरीपुढचे, नखांत पन्नास वर्षांचे रंग. त्यांनी पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हे कोनं केलं?"

"मीच," मी म्हणालो.

"मंग ठीक हाये. मले वाटलं एखाद्या कारागिरानं केलं."

मग त्यांनी पत्र्याचा एक तुकडा आणला. त्यावर तीन काळे रंग शेजारी शेजारी दिले होते: एक चकचकीत, एक मध्यम, एक मंद. तुकडा त्यांनी उन्हात तिरपा धरला. पहिल्यात सूर्य जसाच्या तसा दिसला, दुसऱ्यात तो पसरला, तिसऱ्यात नुसता काळोख. कारण साधेच आहे. वारा नसला की अंबाझरी तलावात आकाश दिसते. लाटा उठल्या की नाही. मंद रंगात सिलिकाची अतिशय बारीक पूड असते. रंग वाळला की तिच्यामुळे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटा राहतात, आणि उजेड एका दिशेने परत न फिरता चहूकडे विखुरतो.

ही युक्ती काही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या नाकावर, वैमानिकाच्या डोळ्यांसमोर, असाच निस्तेज रंग देत. १९६९ च्या मस्टँग मॅक वन मोटारीचे बॉनेट मंद काळे होते. पुढे तशी फॅशनच झाली. फॅशन म्हणून सबंध गाडीला हा रंग देऊ नये, असे मिस्त्रींचे मत पडले. त्यावर तेलकट बोटही उमटते, आणि पुसायला जावे तर घासलेली जागा चमकू लागते. काचेखाली द्यावा, आणि हवा तर क्रोमच्या जाळीमागे; मागे अंधार असला की जाळी उठून दिसते.

"मग आजच करून टाका," मी म्हणालो.

"काऊन घाई करता भाऊ? काच काढा लागते."

रबरी बीडिंग सोडवून समोरची काच उतरवली. माझी सारी चमक त्यांनी पाणकागदाने घासून काढली. आधी ३२० नंबर, मग ६००. उघड्या पडलेल्या लोखंडावर प्रायमर दिला, सीटवर जुनी वर्तमानपत्रे चिकटवली. लिलावाची धांदल ओसरून मिरचीची धूळ खाली बसेपर्यंत थांबले. डबा उघडून तळ गाठेपर्यंत ढवळला, कारण पूड तळाशी बसते आणि न ढवळता वरचा रंग घेतला तर तो चमकतोच. मग एक वीत अंतरावरून, हात न थांबवता, पातळ थर. पंधरा मिनिटे थांबून दुसरा, पुन्हा थांबून तिसरा. प्रत्येक वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच ठिगळ लावले तर ते जन्मभर दिसते. उन्हाळ्यात हे काम ते भल्या पहाटे करतात; नाहीतर नागपूरच्या उन्हात रंग लोखंडावर पोहोचण्याआधी हवेतच वाळतो आणि पट्टी खरखरीत होते.

दुसऱ्या दिवशी आईलाही सोबत नेले. काच बसली होती. तिने पट्टीवर अलगद बोट टेकले आणि म्हणाली, "माझ्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा अशीच होती. सुती. रेशमासारखी मिरवत नसे."

मिस्त्रींनी आम्हाला मुद्दाम पाचपर्यंत बसवून ठेवले. चहा पाजला, वर आईच्या ओटीत चार संत्री टाकली. निघताना म्हणाले, "आता जा. घरापर्यंत सूर्य समोरच राहीन. पाहून घ्या."

कळमन्याहून धरमपेठ म्हणजे सारी वाट पश्चिमेची. सेंट्रल अव्हेन्यूवर सूर्य थेट डोळ्यांसमोर आला. मी पट्टीकडे पाहिले. ती तिथे नव्हतीच जणू. काचेतून रिक्षा दिसत होत्या, हातगाड्या दिसत होत्या, आणि रस्त्याच्या कडेने घरी परतणारी सायकलवरची मुले एकेक करून दिसत होती.

आई बराच वेळ काही बोलली नाही. सीताबर्डी आली तेव्हा संत्रे सोलून एक फोड माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "हे असेच चालवायचे बघ. डोळे किलकिले न करता."