आळ्याची समाधी

शाळेची सहल जुन्नर तालुक्यातील आळे येथे, रेड्याच्या समाधीस नेण्याची परवानगी मागणारा माझा अर्ज वरिष्ठ दप्तरातून परत आला, तेव्हा त्याच्या समासात तांबड्या शाईने शेरा होता : ‘जनावराची समाधी. शैक्षणिक प्रयोजन नाही. नामंजूर.’ नामंजुरीचे मला विशेष वाटले नाही, कारण घोडेगावकडच्या शिक्षकास तिची सवय असते. परंतु ज्या तुच्छतेने ती लिहिली होती, ती तुच्छता अद्याप सलते.

शुद्धिपत्रासाठी पैठणास गेलेली भावंडे, रेड्यामुखीचे वेद, शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी आणि नेवाशाहून आळंदीस परतताना आळ्याच्या शिवारात त्या सोबती रेड्याने ठेवलेला देह, ही परंपरा सर्वश्रुत आहे. तिचा विस्तार करीत नाही. मात्र तिच्यातील एक प्रसंग वेदांच्या चमत्काराखाली नेहमी झाकला जातो. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे ज्ञानदेव म्हणताच, कोणी कुत्सितपणे वाटेने चाललेल्या पखालीच्या रेड्याकडे बोट दाखवतो, याचेही नाव ज्ञानाच आहे म्हणतो, आणि प्रचीती पाहण्यासाठी त्या मुक्या जनावराच्या पाठीवर आसूड ओढले जातात. वळ उठतात ते ज्ञानदेवांच्या पाठीवर. आधी फटके आहेत, वेद मागाहून. दुसऱ्याच्या पाठीवरचा फटका ज्याच्या अंगावर उमटतो त्यालाच कवी म्हणावे, असे माझे मत आहे, आणि हे मला मुलांना त्या जागी उभे राहून सांगायचे होते. याहून मोठे शैक्षणिक प्रयोजन कोणते, हे त्या शेरा मारणाऱ्या गृहस्थांनी मला एकदा समोर बसवून समजावून द्यावे.

तुच्छतेचा विषय निघाला म्हणून सांगतो, इटलीतील नेपल्स शहरात, एका उद्यानात, व्हर्जिल या महाकवीची म्हणून एक प्राचीन रोमन समाधी जपलेली आहे. तिच्या शेजारचा डोंगरातील बोगदा त्या कवीने मंत्रसामर्थ्याने खोदला, असे तिथले लोक शतकानुशतके सांगत आले. म्हणून कोणी ते स्थळ अडाण्यांचे ठरवून टाकून दिले नाही; उलट १९३९ साली लेओपार्दी या दुसऱ्या थोर कवीचे अवशेषही सन्मानाने तेथेच आणण्यात आले.

अखेर पालकांच्या संमतीने एका रविवारी आम्ही एस.टी.ने मंचर, नारायणगाव, आळेफाटा असे करीत निघालो. दर्शनाच्या रांगेत आमच्यापुढे एक म्हातारी होती. हातातल्या पितळी तांब्याच्या तोंडावर तिने धुवट फडके बांधले होते. म्हैस व्यायली होती, तिचा चीक तिने आणला होता.

‘मावशी, पारडी झाली वाटतं?’ मी विचारले.

‘न्हाई गुरुजी, टोणगा झालाय. म्हनून तर आले.’

दुभत्याच्या घरी टोणगा झाला की तोंडे उतरतात. त्याला दूध तोडतात, बाजार दाखवतात. बैलाला औताचा मान असतो, वासराला गाईचा असतो, रेड्याच्या वाट्याला यमाचे वाहनपण तेवढे येते. म्हातारीने तांब्या पायरीवर टेकवला आणि म्हणाली, ‘ह्यो बी त्याच्याच कुळीतला. उपाशी मारनार न्हाई, येवढं सांगाया आले.’

तोवर मी मुलांना असे समजावीत होतो, की रेडा म्हणजे ज्यांना वेदाचा अधिकार नाकारला गेला त्या समस्त जनांचे प्रतीक होय. तो अर्थ मला अजूनही प्रिय आहे, त्यावर मी वादही घालीन. पण त्या बाईच्या लेखी रेडा हा रेडाच होता, आणि तिच्यापुढे माझे प्रतीक मला फार हलके वाटले.

परतीच्या गाडीत मुलांची यावरून जुंपली. डेअरीला घालायचे दूध टोणग्याला पाजले तर घर चालायचे कशावर, असे सातवीतली एक मुलगी ठासून म्हणाली. तिच्या घरी दोनच म्हशी आहेत आणि वह्या त्याच दुधावर येतात, हे मला ठाऊक असल्यामुळे मी तिला खोडून काढले नाही. बाकीच्यांनी मात्र नारायणगाव येईपर्यंत तिला बोलू दिले नाही.