ऐच्छिक विषय

शाळेच्या वेळापत्रकात 'ऐच्छिक' हा शब्द मी वीस वर्षं वाचतेय. उर्दूत त्याला 'इख्तियारी' म्हणतात. मुलांना मी दोन्ही भाषांत अर्थ सांगते: जे घेणं-न घेणं आपल्या मर्जीवर आहे ते. गंमत अशी की ऐच्छिक विषय कोणता घ्यायचा हे मुलं कधी ठरवतच नाहीत. कोणत्या विषयाला शिक्षक आहे, त्यावर ते ठरतं. हाच शब्द कपड्यांसाठीही वापरतात, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली. एवढ्या काळात आम्ही दोघंच असे कुठे राहायला गेलो नव्हतो. लग्नानंतर सैलानीबाबांच्या दर्ग्याला गेलो, तेव्हाही सोबत सासूबाई, दोन नणंदा आणि जेवणाचे डबे होते. मोठ्या मुलीला पुण्यात नोकरी लागली आणि तिने आम्हाला न विचारता गोव्यात तीन रात्रींचं बुकिंग करून टाकलं. मोबाईलवर कागद आला. त्यावर हॉटेलच्या नावाखाली लिहिलं होतं, 'अडल्ट्स ओन्ली'.

मी घाबरले. स्टाफरूममध्ये सहज विचारल्यासारखं विचारलं, तर एक सहकारी हसून म्हणाले, "मॅडम, तसल्या ठिकाणी कपडे ऐच्छिक असतात." सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "अम्मी, लहान मुलांना घेत नाहीत, एवढाच अर्थ आहे त्याचा. दिवसभर पोरांचा आवाज ऐकतेस, म्हणून मुद्दाम असं शोधलं."

पण सहकाऱ्याचं वाक्य काही डोक्यातून जाईना. रात्री मी वाचत बसले. अशी ठिकाणं खरोखर आहेत. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर काप दाग्द इथे दुकानं, बँका, राहण्याच्या इमारती असलेली एक वसाहतच आहे, जिथे माणसं कपड्यांशिवाय वावरतात. जर्मनीत तर ही शंभर वर्षांहून जुनी चळवळ आहे. अशा ठिकाणचे नियमही कडक असतात. बसताना आपला टॉवेल खाली घ्यायचा, कुणाचा फोटो काढायचा नाही, कुणाकडे टक लावून बघायचं नाही. शेवटचा नियम वाचून मला आमचं बसस्टँड आठवलं. तिथे डोक्यापासून पायापर्यंत बुरख्यात असूनही हा नियम माझ्या वाट्याला आलेला नाही.

आपल्याकडे मात्र सार्वजनिक ठिकाणी नग्न होणं गुन्हा आहे. २०२० साली मिलिंद सोमण यांनी आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवशी गोव्याच्या किनाऱ्यावर कपड्यांशिवाय धावतानाचा फोटो टाकला, तर त्यांच्यावर गोवा पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. म्हणजे सहकाऱ्याची माहिती चुकीची होती. माझी धास्ती कमी झाली.

वाचता वाचता एक गोष्ट अशी सापडली की मी यांना झोपेतून उठवून सांगितली. कपडे उतरवून एकत्र राहणाऱ्यांची जगातली पहिली ज्ञात संस्था युरोपात नाही, आपल्या मुंबई इलाख्यात निघाली. साल १८९१. चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हे सेशन जज्ज तिचे संस्थापक. संस्थेचं नाव 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' आणि ठिकाण माथेरान. सुरुवातीला सभासद तीनच, एक जज्जसाहेब आणि दोघं एका पाद्र्याचे मुलगे. पुढे क्रॉफर्ड यांची रत्नागिरीला बदली झाली आणि मंडळ मोडलं. १८९४ साली ते वारले.

"तबादले ने मारा बिचारे को," हे झोपेतच म्हणाले. बदलीचं दुःख शिक्षकाच्या नवऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मी मात्र विचार करत राहिले. सभासद तिघं, तिघंही पुरुष, तिघंही राज्यकर्त्या जमातीतले. जज्जाला कोण विचारणार, कपडे का काढले? ज्याला जाब विचारणारं कुणी नसतं, त्यालाच एखादी गोष्ट ऐच्छिक असते.

आता यांच्याबद्दल थोडं लिहायला हवं. त्यांना विचारून लिहितेय. यांचं देऊळगाव राजात पुरुषांचे कपडे शिवण्याचं दुकान आहे. बालाजीच्या यात्रेआधी आणि ईदच्या आधी मशीन रात्री दोनपर्यंत चालते. बारा वर्षांपूर्वी यांच्या उजव्या खांद्यावर रुपयाएवढा पांढरा डाग आला. मग पाठीवर, छातीवर. त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, हा संसर्गाचा आजार नाही, कुष्ठरोग तर नाहीच, हे सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं. आम्हाला ते पटलंही. पण घरात दोन मुली. "कोडाच्या घरातली पोरगी" हा शिक्का आपल्याकडे सगळ्याच जातीधर्मांत सारखाच चालतो. तेव्हापासून यांचे सदरे पूर्ण बाह्यांचे आणि गळ्यापर्यंत बटणांचे झाले. स्वतःचे सदरे स्वतःच शिवतात. घरात बनियनवरही बसत नाहीत. बारा वर्षांत उजेडात यांची पाठ मी पाहिलेली नव्हती. मीही कधी हट्ट केला नाही. कुरआनात नवरा-बायकोला एकमेकांचा पोशाख म्हटलं आहे. मी त्याचा अर्थ एवढाच घेतला होता, की एकमेकांचं झाकायचं.

जालन्याहून मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वेने काणकोण, आणि तिथून रिक्षाने आगोंद. मोठं पाणी म्हणून आम्ही आजवर पाहिलेलं म्हणजे खडकपूर्णा धरणाचं संत चोखासागर. समुद्र पाहून हे बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "इसको किनारा एक्कीच है."

हॉटेल छोटं होतं. कुणी कपड्यांशिवाय फिरत नव्हतं. बहुतेक आमच्याच वयाची जोडपी होती आणि बहुतेक जण झोपलेले होते. माझ्या कपड्यांचा प्रश्न आला तो दुसऱ्या दिवशी. तिथे एक लहान पोहण्याचा तलाव होता. पाणी कमरेएवढं. मला पोहता येत नाही, पण पायऱ्यांवर बसून पाय सोडावेत म्हणून मी सलवार-कमीज आणि ओढणीत उतरले. तिथला मुलगा धावत आला. "मॅडम, कॉटन चालत नाही. नायलॉनचा कॉस्च्यूम लागतो." त्याचं खरं होतं, सुती धागे गाळणीत अडकतात, रंग जातो. बोलतही अदबीने होता. पण मी ओल्या पावलांनी बाहेर आले तेव्हा चार डोळे माझ्याकडे वळले. घरून निघताना मला भीती होती की तिथे कपडे काढायला लावतील. आणि तिथे मी अंगभर कपड्यांमुळेच वेगळी पडले.

तेव्हा मला पुन्हा फ्रान्स आठवलं. ज्या भूमध्य किनाऱ्यावर काप दाग्द आहे, त्याच किनाऱ्यावरच्या कान आणि इतर गावांनी २०१६ साली बुर्किनीवर, म्हणजे अंगभर पोहण्याच्या पोशाखावर, बंदी घातली होती. शेवटी ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावाची बंदी स्थगित केली. कमी कपडे चालतात, न घातलेले चालतात, जास्त घातलेले मात्र चालत नाहीत, हा कसला ऐच्छिक विषय? पण लगेच मनात दुसरं आलं. आमच्या मोहल्ल्यात एखादी मुलगी बुरखा न घालता कॉलेजला निघाली, तर तिच्या बापाला दुकानात येऊन सांगणारे चार जण असतात. तिथे तरी कुठे आहे ऐच्छिक? दोन्हीकडे बाईच्या अंगावर किती कापड असावं याचा हिशोब दुसरेच करतात. मला ओढणी हवी आहे. कुणी दिली म्हणून नव्हे, मला तिच्यात बरं वाटतं म्हणून. हे वाक्य मला तिथेही समजावून सांगावं लागलं असतं आणि इथेही सांगावं लागतं.

तिसऱ्या दिवशी फजरची नमाज पढून आम्ही किनाऱ्यावर गेलो. आगोंदला कासवं अंडी घालायला येतात, म्हणून वाळूचा काही भाग राखून ठेवलेला असतो. त्याच्या पलीकडे कुणी नव्हतं. दूर दोन कोळी होडी ओढत होते. समुद्राला गाळणी नसते, म्हणून मी कपड्यांसकट गुडघाभर पाण्यात शिरले. लाट आली, खाली बसले, नखशिखांत भिजले आणि मोठ्याने हसले. वळून पाहिलं तर हे काठावर उभे, सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी, हात तिसऱ्यावर.

मी काही म्हटलं नाही. वर्गात एखादं मूल पहिल्यांदा मोठ्याने वाचायला उभं राहतं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघते. तशीच समुद्राकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने ते पाण्यात आले. गुडघ्याखालपर्यंतची चड्डी, वर काही नाही. पुरुषाचं सतर नाभीपासून गुडघ्यापर्यंत असतं, म्हणजे शरीयतची हरकत कधीच नव्हती. पाठीवर मोठाले पांढरे पट्टे होते, मला आठवत होते त्याहून बरेच पसरलेले. मला वाईट वाटलं, पण डागांचं नाही. एवढं पसरेपर्यंत मला दिसलं नव्हतं, त्याचं.

"इत्ते साल से नाप ले रहा मैं," ते म्हणाले, "एक बी आदमी सीधा नै निकला. किसी का कंधा उतरा हुआ, किसी की पीठ को कूबड. मैं कपडा ऐसा काटता के दिखता नै."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या पाच वर्षांत दोनदा उमऱ्याला नाव देऊन त्यांनी मागे घेतलं होतं. मला वाटायचं, पैशांची अडचण. खरं कारण एहराम होतं. एहरामच्या दोन बिनशिवण चादरी, आणि काबागृहाचा तवाफ करताना पुरुषांनी उजवा खांदा उघडा ठेवायचा असतो. सगळ्या गावच्या लोकांसोबत जायचं आणि नेमका तोच खांदा उघडायचा. जिथे राजा आणि मजूर एकाच कपड्यात उभे राहतात, त्या जागी जायला माझा शिंपी नवरा कपड्याच्या भीतीने थांबला होता.

मी त्यांच्या खांद्याला मुलीने दिलेलं उन्हाचं मलम लावलं, कारण अशी त्वचा लवकर भाजते. सूर्य डोंगरावरून वर आला तेव्हा एक परदेशी जोडपं फिरत आलं. यांनी सदऱ्याकडे हात नेला, मग तसाच मागे घेतला. त्या बाईंनी "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि त्या निघून गेल्या. आम्ही आणखी अर्धा तास पाण्यात होतो. मी ओढणीसकट, ते सदऱ्याशिवाय.

परत आल्यावर सगळं बदललं असं नाही. दुकानात पूर्ण बाह्याच आहेत. धाकटीच्या लग्नाची काळजीही तशीच आहे. पण पासपोर्टच्या नूतनीकरणाचे फॉर्म भरून झालेत, आणि गेल्या आठवड्यात लाईट गेली तेव्हा हे पहिल्यांदा बनियनवर ओसरीत येऊन बसले. धाकटी अभ्यास करत होती. तिने वर पाहिलं आणि वहीनेच त्यांना वारा घालायला लागली.

हा लेख टाकण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला. मला वाटलं होतं, डागांचा परिच्छेद काढायला सांगतील. त्यांनी सगळा ऐकला आणि एकच ओळ काढायला लावली, सुटलेल्या पोटाबद्दलची. ती काढली आहे.