खोक्यांसकट विकली!

जुनी बाइक विकली की मित्र पार्टी मागतात. कॉलेजातली गिटार विकली की लोक हळहळतात. पण मॉडेल ट्रेन विकली असं कुणाला सांगून बघा. पहिला प्रश्न येतो, 'किती आले?' आणि आकडा ऐकल्यावर दुसरा, 'एवढे?' तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही!

माझी गाडी मेर्कलिनची. १८५९ सालची जर्मन कंपनी. स्टुटगार्टला नोकरी करणारा मामा दर खेपेला एक खोकं आणायचा. कधी डबा, कधी रूळ, आणि एका दिवाळीला चक्क 'क्रोकोडाइल', म्हणजे गॉटहार्डच्या घाटातल्या स्विस इंजिनाची नक्कल! एचओ स्केल, खऱ्यापेक्षा ८७ पट लहान.

मेर्कलिनची गंमत तिच्या विजेत आहे. दोन्ही रूळ मिळून एक वायर. दुसरी वायर म्हणजे मधोमध स्लीपरांतून डोकावणारे बारीक खिळे. इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्यांच्यावरून घासत जाते. त्यामुळे रूळ वळवून त्यालाच परत आणून जोडला तरी शॉर्ट होत नाही. बाबा वीज मंडळात इंजिनिअर, त्यांना याचं कोण कौतुक! इंजिन उलटं न्यायचं तर ट्रान्सफॉर्मरचं बटण शून्याच्याही मागे फिरवायचं. जास्त व्होल्टेजचा झटका बसून आतला रिले बदलायचा, इंजिन टुणकन उडायचं आणि मग मागे निघायचं. आम्ही दोघं दर वेळी हसायचो.

२०१३ मध्ये मुलगी झाली. टू बीएचकेमध्ये आठ बाय चारची प्लायवुडची फळी आणि पाळणा एकत्र कसे नांदणार? बाबाच म्हणाले, 'विकून टाक रे. पडून राहण्यापेक्षा चालवणाऱ्याकडे जाऊ दे.' बंगळुरूच्या एका संग्राहकाने सगळं घेतलं, मूळ खोक्यांसकट. (या दुनियेत खोक्याला फार मान. ते नसेल तर भाव पडलाच.) पैसे चांगले आले. तेव्हा पटलं होतं, आजही पटतं. पण हळहळ काय हिशेबाला विचारून येते?

आणि ती वाटते कशाची, तर क्रोकोडाइलची नाहीच! ३००० नंबरचं एक छोटं काळं इंजिन होतं. पन्नासच्या दशकापासून मेर्कलिनने बनवलेलं, स्वस्तातलं, जर्मनीत घरोघरी असलेलं. बायको म्हणते, 'मग मागव ना ऑनलाइन.' बरोबर आहे तिचं. तिथल्या जुन्या संग्राहकांची कपाटं रिकामी होताहेत, कस्टम्सचा वैताग सोडला तर ते इंजिन सहज मिळेल. पण पुढच्या दिव्यापाशी बाबांनी लावलेला सोल्डरचा तो ओबडधोबड थेंब एकाच इंजिनावर आहे, आणि ते बंगळुरूला आहे.

शिवाय एक गोष्ट गाडी गेल्यावरच लक्षात आली. बाबांशी मी जे काही बोलायचो ते त्या फळीवर वाकून. 'ब्रश झिजलेत का बघ.' 'तेल एकच थेंब हं!' मग त्यातूनच कधी माझा जॉब, कधी त्यांचं रिटायरमेंट. समोरासमोर बसून हे विषय आमच्याकडे निघत नाहीत. आता 'बीपीची गोळी घेतलीत?' 'घेतली.' संपलं.

गेल्या वर्षी तिघं कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये गेलो. भाऊसाहेब जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं, १९९८ पासून सुरू असलेलं. गाड्या धावायला लागल्या तसे बाबा पुढे वाकले. नातीला म्हणाले, 'आपलं इंजिन मागे जाताना उडी मारायचं.'

'आपलं? कुठे आहे?'

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, 'आधी हा शो बघ.'

घरी आल्यावर त्यांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक डबी काढली. इंजिनाच्या चाकांवर चढवायचे रबराचे टायर आणि दोन ब्रश. व्यवहारात द्यायचे राहिले असावेत.

'असू देत,' म्हणाले, आणि डबी परत वर ठेवली.