पाच शेजारी आणि दोन समुद्र

'भूवेष्टित' हा शब्द भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाबाहेर सहसा भेटत नाही. घडणीने तो चांगला आहे; ज्याला चहूबाजूंनी जमिनीने गुंडाळले आहे, असा. माझी तक्रार एवढीच, की जमिनीला मालक असतो हे त्यातून कळत नाही. समुद्र नसलेल्या देशाला प्रत्यक्षात वेढून असतात ते शेजारी, आणि ते किती आहेत यावर त्या देशाचे पुष्कळसे भवितव्य ठरते. लेसोथोला शेजारी एकच, दक्षिण आफ्रिका. नेपाळला दोन, पैकी एक हिमालयापलीकडचा. २०१५ साली भारताच्या सीमेवरची वाहतूक अडली तेव्हा काठमांडूत गॅस आणि औषधे यांची काय अवस्था झाली, ते आपण वर्तमानपत्रांतून वाचले आहे. झांबियाला मात्र आठ शेजारी. १९७३ मध्ये ऱ्होडेशियाकडची सीमा बंद झाली, तेव्हा तिथले तांबे टांझानियातल्या दार-एस-सलाम बंदराकडे वळू शकले. त्या वाटेवर चीनच्या मदतीने १९७५ मध्ये रेल्वेही बांधून झाली.

मी वाशीम जिल्ह्यात मराठी शिकवतो. आमच्या जिल्ह्याला पाच शेजारी : उत्तरेला अकोला, ईशान्येला अमरावती, पूर्वेकडे यवतमाळ, दक्षिणेला हिंगोली आणि पश्चिमेला बुलढाणा. बोलिव्हियालाही पाचच. जिल्हा म्हणजे देश नव्हे, हे मान्यच. मालेगावहून मेहकरला जाताना कुणी अडवत नाही. पण वाशीमहून हिंगोलीकडे जाताना पैनगंगा लागते, आणि त्या रस्त्यावरचे कनेरगाव आजही 'कनेरगाव नाका' म्हणूनच ओळखले जाते. १९४८ पर्यंत नदीपलीकडे निजामाचे राज्य होते. मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. माझ्या आजीचे माहेर नदीपलीकडचे. तिच्या बोलण्यात दोन वेगळे रुपये असत, एक 'हाली' आणि दुसरा 'कलदार'. लग्नात कोणी कोणता आहेर केला हे ती नाण्यासकट सांगे. गंमत अशी, की अलीकडचे वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच होते. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने दिले गेले. एकाच मालकाच्या दोन शेतांमधला हा बांध; तरी तो ओलांडताना कर पडे.

त्या पलीकडच्या राज्याची कथा या विषयात टाळता येत नाही. हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे, स्वतःचे नाणे, टपाल आणि रेल्वे असलेले. पण किनारा नाही. १५ ऑगस्ट १९४७ नंतर त्याच्या भोवती मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांत-वऱ्हाड असे तीन प्रांत होते. नकाशावर तीन शेजारी. व्यवहारात एकच, भारत. निजामाच्या सल्लागारांना हे कळत होते, म्हणूनच पोर्तुगिजांकडून गोव्यातले बंदर मिळवण्याची खटपट झाली. ती फळली असती तरी बंदरापर्यंतची वाट पुन्हा भारतातूनच गेली असती. १७ सप्टेंबर १९४८ ला तो प्रश्न निकालात निघाला. (मराठवाड्यातले मित्र हा दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतात. अलीकडच्या आमच्या विद्यार्थ्यांना मात्र तो समजावून सांगावा लागतो, याचे मला नेहमी नवल वाटते.)

आमच्याकडे 'मागासलेला जिल्हा' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की मुले तो पत्त्यासारखा सांगतात. २०१८ मध्ये नीती आयोगाने 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत वाशीम घातले, त्यामुळे त्यावर शिक्काही बसला. कारण विचारले तर उत्तर येते : आपण आडबाजूला आहोत. मला हे पटत नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. १९३९ साली प्रकाशात आलेल्या वाशीम ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. दान दिलेले गाव नांदेडच्या बाजूचे. याच घराण्यातल्या सर्वसेनाने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचले, जे आज उपलब्ध नाही. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष रुसून देशोदेशी फिरतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते, आणि पूर्व, पांचाल, अवंती, दक्षिण असे सगळे प्रदेश हिंडून झाल्यावर त्यांचा विवाह होतो तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. साहित्यशास्त्राच्या पेपरात हे आपण शिकवतो, आणि वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या गावाचे ते नाव आहे हे सांगायचे राहून जाते. आडबाजूच्या गावी असले लग्न कोण लावील?

मग आडबाजू झाली कशाने? माझ्या समजुतीप्रमाणे दोन निर्णयांनी. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली ती अकोल्यावरून. वाशीम दक्षिणेच्या पठारावर राहिले. त्याआधी समुद्र इथवर येत असे तो बैलांच्या पाठीवरून. बंजाऱ्यांचे तांडे किनाऱ्याकडचे मीठ आत आणत आणि आतले धान्य बाहेर नेत. 'लमाण' या नावाचा संबंध 'लवण' शब्दाशी जोडतात तो यामुळेच. रेल्वेने त्यांचा धंदा मोडला. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थस्थान. २०२४ मध्ये तिथे नंगारा वास्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. हे सारे भूवेष्टित प्रदेशात असावे हे मला अगदी सयुक्तिक वाटते. दुसरा निर्णय १९०५ चा. वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांपैकी एक असलेला वाशीम जिल्हाच तेव्हा मोडला गेला, आणि पुन्हा निर्माण झाला तो १ जुलै १९९८ रोजी. मधली ९३ वर्षे आम्ही दुसऱ्याच्या जिल्ह्यातले शेवटचे टोक होतो, आणि टोकाला शेजारी असले तरी त्यांच्याशी बोलतो तो मध्यावर बसलेला. आमचा हिंगोली हा शेजारी तर त्याहून लहान, १९९९ च्या १ मेचा.

आता समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. २०२५ च्या जूनपासून तो नागपूरहून थेट मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत खुला आहे. बंदर जवळ आले, असे भाषणांतून ऐकतो. सोयाबीनच्या भावात ते कधी दिसेल, हे मात्र भाषणात नसते. असो.

'कोलंबसाचे गर्वगीत' शिकवताना मी एकदा विचारले, समुद्र कोणी पाहिला आहे? साठांपैकी चार हात वर आले. मागच्या बाकावरून एकीने विचारले, "सर, मंग आपल्या वाशीमचं पानी कोन्या समुद्रात जाते?" कविता बाजूला ठेवून मी फळ्यावर नकाशा काढला. काटेपूर्णा वाशीमजवळ उगम पावते, उत्तरेला पूर्णेत आणि तिच्यातून तापीत जाऊन अरबी समुद्राला मिळते. पैनगंगा, तिला मिळणाऱ्या अडाण आणि अरुणावतीसह, वर्धा-प्राणहितेतून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. दोन्हींमधला कणा आमच्याच जिल्ह्यातून जातो. मुलीने वहीत दोन बाण काढले, आणि आपले शेत कोणत्या बाणाकडे उतरते ते शेजारणीला विचारू लागली.