रंगांची थकबाकी

बँकेत खोडरबराला प्रवेश नाही. चुकीची नोंद पुसायची नसते, उलटी नोंद करून फिरवायची असते. बी.कॉम.ला एवढं एकच डोक्यात राहिलं, आणि त्यावर वीस वर्षं पगार घेतोय. त्यामुळे गेल्या श्रावणात सौ.नं “एवढ्या बैलाचा जुना रंग काढून द्या” असं फर्मावलं, तेव्हा मी धर्मसंकटात पडलो.

आमच्या अर्धापुरात पोळ्याला घरात मातीचे बैल पुजतात. कच्ची माती पाण्यात विरघळते. रंगाची कटकट मागं राहत नाही. सौ.चं माहेर मात्र नागपूर. तिकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवरचा लाकडी बैल ओढत पोरं घरोघर बोजारा मागतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 साली ही प्रथा सुरू केली, असं सांगतात. लग्नात मिळालेल्या ऐवजापैकी आजवर टिकलेला एकमेव म्हणजे हा वीतभर बैल.

सासरे तो दरसाल ऑइल पेंटनं रंगवत. ते गेल्यावर आमच्या चिरंजिवांनी अ‍ॅक्रिलिकचा सपाटा लावला. थरावर थर चढून बैलाचे डोळे बुजले, शिंगं बोटांएवढी जाड झाली. शेजारच्या काकूंनी विचारलं, “गणपतीचा उंदीर का हो हा?”

सल्ले लगेच आले. कर्ज द्यायला जामीनदार लागतो, सल्ला द्यायला लागत नाही. कॅशियर म्हणाला, थिनर ओता. शिपाई म्हणाला, “साहेब, कामून एवढा विचार करायलात? पॉलिश पेपर मारा.” थिनरनं सासऱ्यांचाही रंग निघाला असता. शिवाय जुन्या ऑइल पेंटात शिसं असू शकतं. घासलं की त्याची धूळ थेट पोरांच्या नाकात. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत 90 भाग, हा नियम लागू झाला तो 2017 च्या नोव्हेंबरात. आमचा बैल त्याहून ज्येष्ठ!

अ‍ॅक्रिलिकची गंमत अशी, की ओला असताना तो पाण्याचा मित्र आणि वाळला की ओळखही दाखवत नाही. आमच्या काही कर्जदारांसारखाच. पाणी उडून गेलं की त्यातले प्लॅस्टिकचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. मग त्याला पाणी नाही, स्पिरिट नरम करतं. मुरलेला ऑइल पेंट मात्र स्पिरिटला सहसा दाद देत नाही. म्हणजे वसुली वरच्या खात्यातून होणार, खालचं शाबूत. चिरंजिवांचं प्लॅस्टिकचं विमान असतं तर स्पिरिटात बुडवूनही चाललं असतं (नेलपॉलिश रिमूव्हरात नाही, त्यानं विमानच वितळतं). लाकूड बुडवायचं नसतं, ते फुगतं.

मेडिकलमधून स्पिरिट आणलं, खिडक्या उघडल्या, गॅस बंद करवला. पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी आधी बोळा लावून पाहिला. मग थोडं ओलं करायचं, दोन मिनिटं थांबायचं, जुन्या टूथब्रशनं हलकेच फिरवायचं.

“काय करून राहिले? अजून नाही झालं?” आतून माहेरची भाषा आली.

तीन रविवार गेले. जांभळा गेला, हिरवा गेला, चिरंजिवांचा चंदेरी गेला. मग खालून पिवळट पांढरा बैल उगवला. लाल शिंगं, काजळाचे डोळे, गळ्यात घुंगुरमाळ. माळेचे पहिले घुंगरू गोल होते, शेवटचे वेडेवाकडे. शेवटच्या वर्षी सासऱ्यांचा हात थरथरत असे.

सौ. पदराला हात पुसत आली. बराच वेळ माळेवरून बोट फिरवत राहिली.

“याच्या खाली नका जाऊ,” म्हणाली.

मी स्पिरिटच्या बाटलीला बूच लावलं. यंदा रंगवायचा का, म्हणून चिरंजिवांना विचारलं. “नको,” तो म्हणाला, “नुसती झूल घालू.”