मॉकला जाच!

अहो, मॉक इंटरव्ह्यू ही काय चीज आहे! यूपीएससीची मुख्य परीक्षा 1750 गुणांची, त्यावर मुलाखतीचे 275. हे आकडे तोंडपाठ होते. पण पाच अनोळखी माणसं आपलाच डॅफ पुढ्यात घेऊन बसली की काय होतं, हे सदाशिव पेठेतल्या मॉकच्या खोलीत गेल्यावरच कळलं.

डॅफ म्हणजे आपणच भरलेला अर्ज. गाव, पदवी, छंद, सगळं त्यात. म्हणजे प्रश्नपत्रिका जवळजवळ आपणच काढून दिलेली! मी लिहिलं होतं सोलापूर. पॅनेलवरचे एक निवृत्त अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, "दुष्काळी जिल्हा ना? मग इतका ऊस कसा?"

मी सुरू झालो. उजनी, भीमा, कालवे, कारखाने. सगळं पाठ! त्यांनी मध्येच थांबवलं. "ते आम्हीही वाचलंय. तुम्ही कलेक्टर आहात. ऊस बंद करायला सांगाल?"

आणि मी चक्क बोलू लागलो, वहीत नसलेलं. म्हणालो, नाही सर. उसाला एफआरपीचा ठरलेला भाव आहे, कारखाना दारात आहे. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण माल घ्यायला कोण येतं? आधी ज्वारीला गिऱ्हाईक उभं करीन, अंगणवाडीपासून सुरुवात करीन. ऊस ठिबकवर नेईन. लगेच शेजारच्या बाई: "पैसे कुठून आणाल?" काय मजा आली म्हणून सांगू! हे माझं मत आहे हे मलाच तिथे, त्या खुर्चीत कळलं!

नंतर रेकॉर्डिंग दाखवतात. दर वाक्याला "ॲक्चुअली", आणि पाय सारखा हलतोय. बघवत नाही, पण बघाच.

अभिप्राय मात्र सगळेच मनावर घेऊ नयेत. एक म्हणाले जरा हसा, दुसरे म्हणाले हसणं आवरा. काही जण मॉकमागून मॉक देत सुटतात आणि शेवटी घोटलेली उत्तरंच म्हणून दाखवतात. तो प्रकार मला पटत नाही. यूपीएससीच्या धोलपूर हाउसमधलं खरं बोर्ड गप्पा मारायला बसतं, पाठांतर ऐकायला नाही.

आता मेसमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय, जेवताना मला काहीही विचारा. काल एकाने विचारलं, "कलेक्टर झालास तर या वरणाचं काय करशील?" मी पाणीप्रश्नापासून सुरुवात केली.